शाई मिसळायची नसते, विहीणबाई

विहीणबाई,

तुमच्या निखिलच्या घरी किचनच्या ओट्यावर सध्या सांत्वनाच्या कार्डांची रांग लागली आहे. सगळी दुकानातली, छापील. एकावर कमळं आहेत आणि कमळांवर चमकी. तुम्ही ती चमकी नखाने खरवडून बघितली असतीत. काल मी ती कार्डं नीट उभी मांडत होते आणि अगदी ओठांवर आलं होतं, "बघा हो, हा करडा रंग किती मेलेला आहे!" मागे वळले तर तुम्ही नव्हतात. सिंकपाशी माझी केतकी उभी होती, पण तिला करड्यातलं काय कळतंय.

तुम्ही गेल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. येतंही. पण त्याच्या आधी दर वेळी राग येतो. अर्ध्यावर टाकून गेलात म्हणून राग. आपलं भांडण चालू होतं, विहीणबाई, आणि माझी बोलायची पाळी होती.

लोक विचारतात, तुमचं नातं काय, आणि मी म्हणते, माझ्या मुलीच्या सासूबाई. मग ते मान हलवतात, जरा कमी दुःख व्हायला पाहिजे अशा हिशेबाने. आपल्या नात्यात बायका एकमेकींना साड्या देतात, मानपान सांभाळतात आणि आपापल्या घरी जाऊन एकमेकींच्या साड्यांना नावं ठेवतात. आपणही तेच केलं असतं. पण तुमचे यजमान, भाऊ, गेले, निखिल तुम्हाला सांगलीहून कायमचं इथे अमेरिकेत, चँडलरला घेऊन आला, तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती आणि मला रिटायर झाल्यावर काय करायचं ते सुचत नव्हतं. केतकीने दोन अडचणी एकमेकींच्या गळ्यात बांधल्या. "आई, यू बोथ लाइक आर्टी थिंग्ज. मंगळवारी त्यांना तुझ्याकडे घेऊन जात जा ना." आर्टी म्हणे. तुम्ही हायस्कुलात चित्रकला शिकवलेली आणि मी जन्मात कधी सरळ रांगोळी काढली नाही.

मी तेव्हा नुकतेच रबरी ठसे आणि कार्डं करण्याचं सामान आणलं होतं. मला त्यात चित्रकला नव्हती आवडली, मला त्यातली शिस्त आवडली होती. शाईचे प्रकार असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव ठरलेला असतो. एक पातळ, कागदात मुरते, लगेच वाळते, पण वरून पाण्याचा ब्रश फिरवला की पसरते. दुसरी दाट, ती कागदावर बसून राहते आणि वाळायला वेळ घेते. तिसरी स्पिरिटवाली, तिचे मार्कर मिळतात, ती कुठल्या काळ्या शाईवरून फिरवली तर ती काळी शाई विरघळवून टाकते. कशावर काय चालतं हे माहीत असलं की काही बिघडत नाही. मी तीन डबे केले, तीन वेगळ्या रंगांची झाकणं, वर चिठ्ठ्या. तुम्ही पहिल्याच मंगळवारी तिन्ही डबे उघडलेत, आतली पॅडं टेबलावर ओतलीत आणि म्हणालात, "छान. आता दिसतंय सगळं."

माझी सगळी नोकरी चिपच्या कारखान्यात गेली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळे तेवढे उघडे. एका टाकीतला थेंब दुसऱ्या टाकीत गेला तर अख्खा लॉट कचऱ्यात, आणि मग कोणी केलं ते शोधायला मीटिंग. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सहानुभूतीने ऐकलंत आणि म्हणालात, "आमच्या वर्गातली सगळी पोरं एकाच पेल्यात ब्रश बुडवायची. तळाला जो रंग उरायचा ना सुधाताई, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही." यावर माणसाने काय बोलायचं?

तो मोर आठवतो? पातळ काळ्या शाईत छापलात आणि मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यावरून निळा मार्कर फिरवलात. काळी रेघ सुटली. मोराची मान धुरात गेल्यासारखी झाली. मी म्हटलं, "सांगितलं होतं मी." तुम्ही कार्ड लांब धरलंत, डोळे बारीक केलेत. "नाही हो, पिसं फुलली. मघाशी मेला कोंबडा दिसत होता." ते कार्ड तुम्ही शेजारच्या लिंडाला दिलंत. मी तिला माझं, रेघ न रेघ जागेवर असलेलं, दिलं. तिने तुमचं फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. माझं फ्रिजवर होतं, पिझ्झाच्या कूपनखाली. मी तिथे गेले की तुमच्याकडे बघायची नाही आणि तुम्ही मुद्दाम माझ्याकडे बघायचात.

आणि तुमच्या घरचा तो फ्रिज! चँडलरच्या हवेत पॅड उघडं राहिलं की वाळून खडखडीत होतं, म्हणून झाकण लावून उलटं ठेवायचं एवढं साधं. पण तुम्ही ती ओल्या मलमलीत गुंडाळून कोथिंबिरीशेजारी ठेवायला लागलात. निखिलने एकदा हिरवं पॅड चटणी समजून उघडलं आणि चमचाही घातला. तुम्ही त्याला ओरडलात ते पॅड खराब केलं म्हणून! त्याला काही झालं का, हे मी विचारलं.

मी चिडायची, तुम्ही हसायचात आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. तुमची कार्डं डागाळलेली, वाहिलेली, कुठे कुठे दाट शाई न वाळताच पाकिटात गेलेली. ज्याला मिळायचं त्याच्या बोटांना लाल लागायचं. तरी लोक फोन करून तुमचंच विचारायचे. माझं तंत्र बरोबर होतं, विहीणबाई. हे मी अजूनही म्हणते. तुमचं चूक होतं. फक्त ते चुकीचं दिसायचं नाही, एवढीच माझी तक्रार होती.

पण हे सगळं लुटुपुटूचं. खरं भांडण दुसरंच होतं आणि ते आपण दोघींनी नेहमी हळू आवाजात केलं.

कार्ड शुभकार्याचं असलं, कोणाचं लग्न, बारसं, वास्तुशांत, की सगळं झाल्यावर तुम्ही पदराने हात पुसायचात, चांदीचा छोटा करंडा काढायचात आणि तो टेबलावरून माझ्याकडे सरकवायचात. "लावा." कार्डाच्या चार कोपऱ्यांना कुंकवाचं बोट. आपल्याकडे पत्रिकेला लावतात तसं. करंड्यातलं कुंकू तुमच्या गावचं, तुमच्या ओळखीच्या घरी केलेलं. रोज देवाला ते तुम्हीच वाहायचात. मलाही त्यातली एक डबी दिली होतीत. पण कार्डाला स्वतःच्या हाताने कधी लावलं नाहीत. कागद तुमचा, ठसा तुम्ही खोडरबरावर कोरलेला, रंग तुमचे, डाग तुमचे, आणि शेवटचं बोट माझं. कारण आमचे हे वरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेले होते आणि भाऊ नव्हते.

पहिल्यांदा मी लावलं. पाहुण्याशी वाद कशाला. दुसऱ्यांदा म्हटलं, "तुम्हीच लावा ना." तुम्ही म्हणालात, "सवाष्णीने लावावं." जणू काही मी विचारलं होतं की मीठ किती घालू. मग माझं सगळं सांगून झालं, जग कुठे गेलं, आपण कुठे आहोत, तुम्ही स्वतः शिकलेल्या, कमावत्या, मुलींच्या वर्गाला शिकवलेल्या. तुम्ही ऐकून घेतलंत. तुम्ही नेहमीच नीट ऐकून घ्यायचात, हेच तर जास्त चीड आणणारं.

संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं तेव्हाची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. वाणाबरोबर द्यायची तिळगुळाची कार्डं तुम्ही जागून केली होतीत. बायका यायला लागल्या तशा तुम्ही आपल्या नातीच्या, ईराच्या जुन्या पुस्तकांचं निमित्त काढून आतल्या खोलीत जाऊन बसलात. बाहेर सगळ्या "कित्ती क्यूट, कोणी केली?" म्हणताहेत आणि केलेली बाई आत बेडवर. मी करंडा घेऊन आत आले. तुमच्या कपाळाकडे हात नेला तर तुम्ही माझं मनगट धरलंत. जोरात नाही. "सुधाताई, नको. मला नाही चालत." ईरा दारात उभी होती. ती म्हणाली, "बट आजी, यू मेड ऑल ऑफ देम. दॅट्स सो नॉट फेअर." तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "जा, लाडू आण मला." मी बाहेर येऊन सगळ्यांना हसून कुंकू लावलं आणि त्या दिवशी एकाही बाईचं कपाळ मला धड दिसलं नाही.

नंतर गाडीत मी विषय काढला. तुम्ही बाहेर बघत होतात. सिग्नलला म्हणालात, "तुम्ही शाया वेगळ्या ठेवता ना? तुमचा जीव वर-खाली होतो मी मिसळल्या की. मग हेही तसंच समजा. काही गोष्टी मिसळायच्या नसतात." मला इतका संताप आला की हिरवा लागलेला कळला नाही. माझाच नियम माझ्या तोंडावर! मी म्हटलं, "शाई मिसळली तर डाग पडतो. तुमच्या हाताने कशावर डाग पडणार आहे?" मागच्या गाडीने हॉर्न दिला. तुम्ही म्हणालात, "चला आता." तिथेच राहिलं ते.

मग ईराचं ग्रॅज्युएशन आलं. हायस्कूल संपल्याची पार्टी, मे महिन्यात, निखिलच्या बॅकयार्डात. निमंत्रणं ऑनलाइन पाठवायचं केतकीचं ठरलं होतं. ईरा म्हणाली, "नो, आजी करणार." तुम्ही इथल्या उंच निवडुंगाचा ठसा कोरलात, हात वर केलेला, आणि त्याच्या माथ्यावर छापायला वेगळं लाल फूल. मी म्हटलं, या झाडाला पांढरं फूल येतं, लाल नाही. तुम्ही म्हणालात, "शुभकार्याला पांढरं फूल? त्या झाडाला समजावून सांगू आपण."

लाल फूल. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं.

विहीणबाई, आता ऐका. मी, जिने आयुष्यभर एका बाटलीचं बूच दुसरीला लावलं नाही, त्या मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. एक बिनरंगी दाट शाई मिळते, तिच्यात स्वतःचा रंग काहीच नसतो. ती वाटीत घेतली आणि तुम्ही दिलेल्या डबीतलं कुंकू तिच्यात घातलं. कालवलं. गुठळ्या झाल्या. चहाच्या गाळणीतून गाळलं. कोऱ्या पॅडवर चमच्याच्या पाठीने थापलं. आमचे हे पाणी प्यायला आले, बघत राहिले. "अगं, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही. मिसळतेय." ते म्हणाले, "तू?" आणि ग्लास न विसळता वर गेले.

माझा बेत साधा होता. तुम्ही त्या लाल शाईने फुलं छापणार. कार्डं जाणार, पार्टी होणार, पोरगी हसत-खेळत कॉलेजला जाणार. मग एका मंगळवारी चहा करून मी सांगणार, "विहीणबाई, प्रत्येक कार्डावर तुम्ही तुमच्या हाताने कुंकू लावलंय. झालं का काही? पडला का डाग?" तुमचा चेहरा कसा होईल याची मी आरशासमोर तयारी केली होती. जिंकायची इतकी घाई मला कधी झाली नव्हती.

त्या मंगळवारी तुम्ही पॅडवर ठसा दाबलात, पहिलं फूल उमटवलंत आणि कार्ड खिडकीपाशी नेलंत. मी कात्रीने काहीतरी उगाच कापत होते.

"ही कुठली शाई?"

"नवीन आहे. ऑनलाइन मागवली."

"कुठली म्हणे?"

"लक्षात नाही हो."

मला प्रत्येक पॅडचा नंबर पाठ असतो हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोटाने फुलावरून हलकेच फिरवून बघितलंत. "जरा भरड आहे," म्हणालात. मग, "चालेल. रंग छान आहे." आणि छापत बसलात. निम्मीही झाली नसतील, पॅड कोरडं पडलं. माझ्या मिश्रणात दम नव्हता. तुम्ही म्हणालात, "उरलेली मी घरी करते." मी तुम्हाला साध्या लाल शाईची नवी बाटली दिली, आणि, आता हसू येतं, वर दम दिला, "हीच वापरा. काही मिसळू नका." तुम्ही म्हणालात, "बरं." कोपऱ्यांना कुंकू सगळी एकदम पाकिटात घालताना लावू, असं ठरलं. तुम्ही गाडीतून उतरताना खोका छातीशी धरला होतात आणि दार पायाने लोटलंत. मी ओरडले, "हळू!" तेच आपलं शेवटचं बोलणं. केवढं मोठं बोलून ठेवलं मी.

पुढचा मंगळवार आला नाही. त्याआधीच एका सकाळी केतकीचा फोन आला, "आई, त्या उठत नाहीयेत." एवढंच.

आता खरी पंचाईत ऐका. तुमचे दिवस झाले. पार्टीचं काय करायचं यावर चर्चा झाली. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "वर्षभर काही करत नाहीत गं." निखिल पहिल्यांदाच जरा तडकून बोलला, "पार्टी छोटी करू. पण कार्डं आईने केली आहेत. ती जाणार." ईरा म्हणाली, "आय वॉन्ट देम सेंट. सगळी. प्लीज." केतकीने खोका माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यांना कुंकू लावून पाकिटं भरायची, बस. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "आधी नीट चेक करते," आणि खोका घरी घेऊन आले. मग तो तसाच डायनिंग टेबलावर, रोज. केतकीचे मेसेज, "आई, डन का?" मी उत्तर देईना.

कारण मला कळेना मी काय केलंय ते. तुम्ही असतात तर ती गंमत होती. तुम्ही रागावला असतात, दोन मंगळवार आला नसतात, मी साखरेच्या पोळ्या घेऊन माफी मागायला आले असते. पण तुम्ही गेलात, आणि त्या गमतीचं काहीतरी भलतंच झालं. ईराचं काही वाईट होणार नाही हे मला ठाऊक आहे, माझा त्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तुमचा होता. तुम्ही माझं मनगट धरलं होतंत. जी गोष्ट तुम्ही स्पष्ट नको म्हणाला होतात, ती मी तुमच्याकडून न सांगता करून घेतली, आणि तुम्हाला ती कधी कळणारही नाही. आणि आता तीच कार्डं मी तुमच्या नावाने घरोघरी पाठवणार? शी! माझाच मला इतका वीट आला की मी दोन दिवस त्या टेबलावर जेवले नाही.

शेवटी मी ते केलं जे मला येतं. दूषित लॉट वेगळा काढायचा. माझ्या पॅडने छापलेली कार्डं बाजूला करायची, ती पाठवायची नाहीत. तुम्ही घरी त्या बाटलीतल्या शाईने केलेली तेवढी पाठवायची. थोडी कमी पडतील, ऑनलाइन भागवू. पण केतकीने सगळी एकत्र करून ठेवली होती, आणि तुम्ही लालाशी लाल इतका जुळवला होतात की चष्मा लावून, उन्हात धरून, काही कळेना. तेव्हाही मी वैतागले. बाटलीतला लाल असा विटकरी नाही, तुम्ही त्यातही काहीतरी मिसळलंच असणार. काही मिसळू नका म्हटलं होतं!

खरं कुंकू हळद आणि चुन्याचं असतं. त्याला आंबट लागलं की लाल उतरतो आणि पिवळा वर येतो. छापाच्या शाईला तसं काही होत नाही. बॅकयार्डातल्या झाडाचं लिंबू तोडलं, रस काढला, टूथपिक घेतली. आधी चिठोऱ्यावर माझ्याकडच्या तसल्याच बाटलीतला लाल लावून बघितला, थेंब टाकला, लाल तो लालच. पद्धत बरोबर. मग पहिलं कार्ड. फुलाच्या मधोमध लावला, म्हणजे बिघडलं तरी पराग म्हणून खपेल. पिवळं. हे माझ्या पॅडचं, डावीकडे ठेवलं. दुसरं पिवळं, डावीकडे. तिसरं, चौथं. मला वाटलं, माझी सगळी वरच आली असतील. खालून काढली. पिवळं. मधून काढलं. पिवळं. डावीकडचा ढीग वाढत गेला आणि उजवीकडे टेबल मोकळंच. माझ्या पॅडने झाली होती त्यापेक्षा किती तरी जास्त झाली तरी पिवळंच येत राहिलं. मी हात धुतले, दुसरं लिंबू आणलं, बाटलीतला लाल पुन्हा तपासला. तो लालच होता.

मग मी खुर्चीत बसले, विहीणबाई, आणि जोरात ओरडले. आमचे हे धावत खाली आले. त्यांना वाटलं, मी पडले.

तुम्हाला माहीत होतं! कधी कळलं? "भरड आहे" म्हणालात तेव्हाच ना? रोज सकाळी जे चिमटीत धरायचात ते तुमच्या बोटांना कळलं नसेल असं मला वाटलंच कसं! कळल्यावर तुम्ही ठसा खाली ठेवायला हवा होता. माझ्यावर रागवायला हवं होतं. ते नाही, तर "चालेल" म्हणालात. वर घरी जाऊन, दार लावून, करंडा उघडलात आणि स्वतःची शाई केलीत, मी केली तशी आणि माझ्यापेक्षा चांगली, आणि एकेका कार्डावर स्वतःच्या हाताने लावत बसलात. आणि मला काही म्हणून सांगितलं नाहीत. मी काय परकी होते? एक फोन करायचा होता. "सुधाताई, पकडलं तुम्हाला," एवढं म्हणायचं होतं, मी गाडी काढून आले असते.

आणि कालवलंत कशात? हे मला झोपू देत नाहीये. पाण्यात कालवलं असतं तर कागद फुगला असता. तेलात, तर पाठीमागे डाग दिसला असता. बिनरंगी शाई तुमच्याकडे नव्हती. डिंकाचं पाणी? ग्लिसरीन? की ईराच्या लहानपणच्या गोंदाची ती अर्धी ट्यूब? माझी शाई बोट घासलं की धूळ होऊन झडते आणि तुमची घासली तरी हलत नाही. मी घासून बघितलं. तुम्ही असं काही करून ठेवता आणि कृती सांगत नाही, आणि मग माणसं म्हणतात, वा, काय हात आहे!

तुमचं मत बदललं होतं का, की नातीसाठी तेवढ्यापुरता नियम बाजूला ठेवलात, की मला जिंकू दिलंत, हे मला कळणार नाही. मी तुम्हाला कितीही विचारलं असतं तरी तुम्ही चहा ठेवायला उठला असतात. जाऊ दे. मी भांडण हरले असं मात्र समजू नका. जिंकलेही नाही. पण तुम्ही त्या संध्याकाळी एकट्या बसून ती फुलं छापत होतात हे डोळ्यांपुढे येतं, तेव्हा मला तुमचा राग धरता येत नाही, आणि मग पुन्हा त्याचाच राग येतो. फार चांगली मैत्रीण होतात तुम्ही मला. हे मी साडीच्या घडीत घालूनसुद्धा कधी दिलं नाही तुम्हाला.

आज सकाळी केतकी पाकिटं भरायला आली. मी पत्ते लिहीत होते, ती कार्डं आत सरकवत होती. पिवळ्या परागांची, बिनपरागांची, सगळी. मधेच ती थांबली, एक कार्ड उलटसुलट केलं, कोपरे बघितले.

"आई, कुंकू राहिलं ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या सासूबाईंनी लावलंय."